खांदा आखडतो म्हणजे नेमकं काय होतं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसाच बहुतेक ठेवला आहे. लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही "खांदा" म्हणालो. सेक्रेटरी साहेबांना वाटले, कोणाला खांदा द्यायचा त्याविषयी असेल. तसे नाही. आपल्या अंगाला दोन खांदे आहेत, त्यातला एखादा पन्नाशीच्या आसपास आखडून बसतो, त्याविषयी बोलायचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. दहावी नापास होऊन गिरणीत लागलो, तिथेच तीस वर्षे गेली. जे वाचले ते पुतणीच्या नर्सिंगच्या पुस्तकातून, शेजारी डिक्शनरी ठेवून. चुकले तर इथे बसलेल्या शिकलेल्या मुलामुलींनी उठून सांगावे, आम्हाला राग येणार नाही.

सुरुवातीला एक काम करा. सगळ्यांनी दोन्ही हात सरळ वर करा. कानाला दंड लागला पाहिजे.

बरं, खाली घ्या. मागच्या रांगेत काही हात कानापर्यंत पोचलेच नाहीत, ते आम्ही पाहिले. नावे घेत नाही. त्यांच्यासाठीच हे भाषण आहे.

आमचेच सांगतो. आम्ही रिंगखात्यात साइडर. ज्यांनी गिरणी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की साच्याच्या वरच्या अंगाला, डोक्याच्याही वर, जाड सैल पिळाच्या बॉबिनी टांगलेल्या असतात. त्याला रोविंग म्हणतात. ते खाली येता येता बारीक होऊन सूत बनते. वरची बॉबिन संपली की हात उंच करून ती काढायची आणि भरलेली चढवायची. पाळीत किती वेळा हात वर जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तीन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत उजवा खांदा रात्री ठणकायला लागला. दिवसा कळ कमी, रात्री जास्त. उजव्या कुशीवर झोपणे बंद झाले. मग पँटच्या मागच्या खिशात हात जाईना. मग सदरा घालताना बाही चढेना. शेवटी एका पाळीत वरची बॉबिन काढायला हात उचलला तर तो खांद्याच्या रेषेलाच अडला, आणि अशी कळ आली की आम्ही साच्याला धरून उभे राहिलो. दोन-तीन आठवडे डाव्या हाताने ओढले. जॉबर म्हणाला, "काय अप्पा, आता वय झालं का?" तेवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण खाडे पडायला लागले, रजा संपली, आणि एक दिवस मास्तरने कागद हातात दिला. त्यावर लिहिले होते, कामात टाळाटाळ.

आम्ही एक्स-रे काढला होता. तो दाखवला. त्यात काही नाही असा शेरा होता. म्हणजे आमचाच कागद आमच्या विरुद्ध गेला. फोटोत काही नाही, मग दुखते कुठे? तीस वर्षे एकही मेमो नसलेल्या माणसाला ढोंगी ठरवायला तेवढे पुरले. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही, आणि ती काही खांद्यामुळे नाही.

आता एक्स-रेत का दिसले नाही, तिथूनच विषय सुरू होतो. एक्स-रेत हाड दिसते. आमच्या हाडाला काही झालेलेच नव्हते. बिघाड होता हाडाभोवतीच्या पिशवीत, आणि ती पिशवी एक्स-रेत उमटत नाही.

ही पिशवी म्हणजे काय? पुस्तकात तिला कॅप्सूल म्हणतात. गोळीच्या कॅप्सूलशी तिचा संबंध नाही. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते ज्यात बसते ती खोबण आपल्याला वाटते वाटीसारखी खोल असेल. मांडीचा सांधा तसा आहे, खोल वाटीत बसलेला. खांद्याची खोबण मात्र वाटी नव्हे, बशी आहे. उथळ, आणि चेंडूपेक्षा पुष्कळ लहान. कोणत्याही वेळी चेंडूचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्साच बशीला टेकलेला असतो. बशीच्या काठाला कुर्चेची एक गोट लावलेली असते, साडीला फॉल लावावा तशी, त्याने ती जरा खोल होते एवढेच. या उथळपणामुळेच तर आपला हात चारी दिशांना फिरतो. अंगातल्या दुसऱ्या कोणत्याही सांध्याला एवढी मोकळीक नाही.

मग चेंडू बशीतून घरंगळत का नाही? एक तर चार स्नायूंचे पट्टे त्याला चहूबाजूंनी धरून असतात. आणि त्यांच्या आत, त्यांना चिकटून, ही पिशवी असते. बशीच्या काठापासून निघून चेंडूच्या मानेभोवती जाऊन बसलेली, दोन्ही तोंडांना शिवलेली बाहीच म्हणा ना. आतून तिला मऊ अस्तर असते, त्यातून बुळबुळीत पाणी पाझरते, सांध्याला वंगण मिळते. साच्याला तेल लागते तसे. पिशवीच्या कापडात काही ठिकाणी जाड पट्ट्या असतात, समोरून, वरून, खालून. त्यांना बंध म्हणतात.

आणि ही बाही सैल असते. हे लक्षात ठेवा, सगळा विषय या एका शब्दात आहे. चेंडूला लागेल त्याच्या जवळजवळ दुप्पट कापड त्यात असते. हात खाली सोडलेला असताना बगलेच्या बाजूला तिची एक घडी लोंबत असते. हात वर केला की ती घडी उलगडते. निरोगी माणसाच्या या पिशवीत साधारण २५ ते ३० मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे.

वाचून आमचे समाधान झाले नाही. विहारात सांगावे की नाही असा विचार केला, पण सांगतोच. खाटकाकडून बकऱ्याचा अख्खा फरा आणला, आणि कालवण करण्याआधी घरच्यांना थांबवून सांधा सुरीने हळूहळू उघडला. मांस बाजूला केले तर आत पांढरी, पातळ, चिवट पिशवी. पाय हलवला की एका बाजूने ताणायची, दुसऱ्या बाजूने घड्या पडायच्या. टोक कापले तर बोटाला चिकट पाणी लागले. आत गुळगुळीत चेंडू आणि लहानशी उथळ बशी. पुस्तकातले चित्र आम्हाला तेव्हा कळले. घरची म्हणाली, आता डॉक्टरकी पुरे, कांदा परतलाय.

आता बिघाड काय होतो? आधी या पिशवीच्या अस्तराला सूज येते. का येते, ते पुष्कळ वेळा सापडत नाही. ही सूज म्हणजे ते रात्रीचे ठणकणे. पुढे जखम भरून काढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या तिथे कामाला लागतात आणि थांबतच नाहीत. तंतूवर तंतू विणत जातात. पिशवी जाड होते, वीण दाट होते, आणि दाट झालेले ते कापड आकसते. बगलेतली घडी नाहीशी होते. २५-३० मिलिलिटरच्या पिशवीत १० मिलिलिटरही मावत नाही. चेंडू चांगला, बशी चांगली, पण बाही आटलेली.

आपण गिरणीवाले, आपल्याला हे लवकर कळावे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. शर्ट शिवायच्या आधी कापड भिजवून घ्या असे आई सांगायची ती त्यासाठी. आटलेला सदरा घालून हात वर करा, काय होते? बाही वर जात नाही, अख्खा सदरा कमरेवरून वर ओढला जातो. आखडलेल्या खांद्याचे तेच. हात वर नेताना निरोगी माणसात साधारण दोन भाग हालचाल चेंडूत होते आणि एक भाग पाठीवरचे फावड्यासारखे हाड सरकून होते. चेंडू अडला की माणूस ते पाठीचे हाड उचलून हात वर केल्याचे समाधान मानतो. म्हणून तो माणूस मघाशी हात वर करताना खांदा कानाकडे नेत होता. त्याला वाटते हात वर चाललाय. चाललेला असतो सदरा.

पिशवी ज्या बाजूने आखडते त्या बाजूची हालचाल जाते, हेही समजून घ्या. समोरच्या वरच्या भागात, दोन स्नायूंच्या मधल्या जागेत, एक बंध आहे. तो जाड झाला की हात बाहेरच्या बाजूला वळत नाही, आणि बहुतेकांची हीच हालचाल आधी जाते. खालची घडी गेली की हात बाजूने वर जात नाही. मागची बाजू आखडली की हात पाठीमागे जात नाही. आपल्या बायकांना हे सगळ्यात आधी कळते, फक्त त्या बोलत नाहीत. ब्लाउजचे मागचे हूक, आंबाडा, फळीवरचा डबा, पाठीला साबण. आमच्या थोरल्या वहिनींनी वर्षभर सुनेकडून वेणी घालून घेतली आणि घरात सांगितले, माझ्या बोटाला मुंग्या येतात. खांदा उचलत नाही म्हटले तर कामाचा कंटाळा म्हणतील, ही भीती. मास्तरचा मेमो फक्त गिरणीत मिळतो असे नाही.

वहिनींचे कारण वेगळे होते. मोरीत पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. प्लॅस्टर झाले, हात गळ्यात अडकवला, आणि दीड-दोन महिने त्यांनी तो हलवला नाही. मनगट बरे झाले, खांदा गेला. हात बांधून ठेवला की हे होऊ शकते. मनगटाचे प्लॅस्टर असले तरी बोटे, कोपर, खांदा कधी आणि किती हलवायचा हे डॉक्टरला पहिल्याच दिवशी विचारून घ्या. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या बायका, छातीचे मोठे ऑपरेशन झालेली माणसे, लकवा गेलेली माणसे, यांचाही खांदा असाच आखडतो. लकव्याच्या माणसाला उठवताना त्या लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. पाठीमागून, कमरेला धरून उठवा.

नावाचा थोडा इतिहास सांगतो, कारण डॉक्टरच्या चिठ्ठीवर वेगवेगळी नावे दिसतात आणि माणूस घाबरतो. पॅरिसच्या दुप्ले नावाच्या डॉक्टरांनी १८७२ साली यावर लिहिले, त्यांनी दिलेल्या नावावरून पेरीआर्थ्रायटिस हा शब्द आला. आपल्याकडे अजून चिठ्ठीवर "पीए शोल्डर" लिहितात ते हेच. १९३४ साली अमेरिकेत बोस्टनचे कॉडमन यांनी त्याला फ्रोझन शोल्डर, म्हणजे गोठलेला खांदा म्हटले. हे कॉडमन आम्हाला आवडले. प्रत्येक हॉस्पिटलने आपला रोगी वर्षभराने खरोखर बरा झाला का ते शोधावे आणि जाहीर करावे, असे ते शंभर वर्षांपूर्वी मागत होते. सोबतच्या डॉक्टरांना ते आवडले नाही, हे सांगायला नकोच. १९४५ साली नेव्हियासर यांनी पिशवी उघडून पाहिली, त्यांना ती चेंडूला चिकटपट्टीसारखी चिकटलेली वाटली, म्हणून तिसरे नाव पडले अॅढेसिव्ह कॅप्सुलायटिस. पुढे दुर्बिणीने आत पाहता येऊ लागले तेव्हा दिसले की बहुतेकदा ती चिकटलेली नसते, जाड होऊन आकसलेली असते. जपानी लोक याला "पन्नाशीचा खांदा" म्हणतात. आमच्या मते सगळ्यांत बरोबर आपल्या आज्या. त्या म्हणायच्या, खांदा आखडला. गोठला नाही, चिकटला नाही, आखडला.

हे नाव आधी समजले असते तर आम्ही एक मूर्खपणा केला नसता. कोणीतरी सांगितले, सांधा निसटलाय, बसवून घ्या. आम्ही एका मालीशवाल्याकडे गेलो. त्याने पाय बगलेत लावून हात ओढला. कट्ट असा आवाज आला, तो म्हणाला, बसला. पुढच्या चार रात्री आम्ही भिंतीला टेकून बसून काढल्या. त्याला दोष देत नाही, त्याला सांधा निसटलेला वाटला. पण विचार करा, निसटलेलेच काही नाही तर बसवायचे काय? सुजलेले, आटलेले कापड हिसका देऊन ओढले तर ते सैल होते की फाटते? शिवाय पन्नाशी उलटलेल्या बाईचे हाड ठिसूळ असेल, तर हिसक्याने हाडच मोडेल. ऑपरेशनच्या टेबलावर भूल देऊन डॉक्टर हात फिरवतात तेव्हासुद्धा हाड मोडण्याचा धोका ते धरून चालतात.

आम्हाला शेवटी वाट सापडली ती व्यायाम शिकवणाऱ्या एका तरुण ताईंकडे. त्यांनी आम्हाला हात उचला म्हटलेच नाही. एक तळवा आमच्या पाठीच्या हाडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने आमचा हात स्वतः उचलला. खांद्याच्या रेषेच्या खालीच तो अडला. त्या म्हणाल्या, "काका, मीसुद्धा उचलू शकत नाही, मग तुम्ही कसा उचलणार?" इतक्या दिवसांत आमच्यावर विश्वास ठेवणारे हे पहिले वाक्य.

हीच ओळख आहे, घरी करता येते. माणसाला उभे करा, कोपर बरगडीला लावा, काटकोनात वाकवा, आणि तळहात दाराच्या फळीसारखा बाहेर उघडा. चांगला हात उघडेल तेवढा दुखरा उघडतो का बघा. मग दुसऱ्या कोणी हळूच उघडून बघा. स्वतःला उघडत नाही आणि दुसऱ्यालाही उघडता येत नाही, तर पिशवीचा संशय घ्या. स्वतःला उचलता येत नाही पण दुसरा सहज उचलतो, तर स्नायूचा पट्टा फाटला असेल, तो वेगळा आजार, वेगळा उपचार. एक्स-रेसुद्धा काढाच. त्यात पिशवी दिसत नाही हे खरे, पण सांधा झिजलेला नाही, निसटलेला नाही, हाडात दुसरे काही नाही, हे त्यातूनच कळते.

आणि काही ठिकाणी खांद्याचा विचारच करू नका. डाव्या खांद्यात कळ, सोबत छाती दाटते, घाम फुटतो, जिना चढताना वाढते, तर शेकत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. पडल्यानंतर हात उचलत नाही, ताप येऊन सांधा लाल झाला, वजन उतरत चालले, तरीही थांबू नका.

ताईंनी दुसरा प्रश्न विचारला, "साखर तपासली का?" आम्ही म्हणालो, आम्हाला कुठे साखर. तपासली तर निघाली. उपाशीपोटीची १२६ पासून पुढे गेली तर मधुमेह धरतात, आमची त्याच्या बरीच पुढे होती. किती दिवसांपासून होती कोणास ठाऊक. साध्या माणसांत शंभरांत दोन ते पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा खांदा होतो, मधुमेह्यांत दहा ते वीस जणांना, आणि त्यांचा खांदा जास्त हटवादी असतो. थायरॉइडच्या रोग्यांनाही जास्त होतो. आमच्या ओळीत आम्हालाच ठाऊक असलेली पाच-सहा माणसे खांद्याला तेल चोळत बसली आहेत. त्यातल्या एकानेही रक्त तपासलेले नाही. तेल चोळा, आमची हरकत नाही, पण आधी रक्त द्या. खांदा कधी ना कधी सुटेल. साखर डोळ्यात, मूत्रपिंडात, पायात उतरली तर ती सुटत नाही.

आता किती दिवस? साधारण तीन टप्पे असतात. पहिला दुखण्याचा, काही महिन्यांचा, नऊपर्यंत जातो. दुसरा आखडण्याचा, दुखणे कमी होते पण हात लाकडासारखा, चार महिने ते वर्ष. तिसरा सुटण्याचा, हा सगळ्यांत सावकाश. एकूण वर्ष ते तीन वर्षे. आपोआप सुटतो असे सांगतात ते बऱ्याच अंशी खरे. पण सगळ्यांचा पूर्ण सुटत नाही. १९९२ साली छापलेल्या एका पाहणीत ६२ रोगी सरासरी सात वर्षांनी तपासले, तेव्हा निम्म्या लोकांत थोडे दुखणे किंवा थोडा अडकाव शिल्लक होता. सुटलेला खांदा सहसा पुन्हा आखडत नाही, मात्र काहींचा पुढे दुसरा खांदा धरतो.

उपचार टप्प्याप्रमाणे. दुखण्याच्या टप्प्यात दुखणे कमी करणे हेच काम. गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्याने, विशेषतः मूत्रपिंड आणि पोटाचा त्रास असणाऱ्यांनी. सांध्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन देतात. स्टिरॉइड शब्दाला लोक घाबरतात, आम्हीही घाबरलो होतो. सुरुवातीच्या महिन्यांत ते सूज उतरवते आणि झोप मिळते. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, म्हणून आधी सांगायचे आणि रोज मोजायचे. आमची चढली, आठवड्याने उतरली. काही ठिकाणी मिठाचे पाणी दाबाने भरून पिशवी फुगवतात. फारच हट्टी असेल तर भूल देऊन हात फिरवतात किंवा दुर्बिणीने पिशवी कापून मोकळी करतात. ऑपरेशन म्हणजे रामबाण असे समजून कर्ज काढायला धावू नका. इंग्लंडमध्ये ५०३ रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० साली लॅन्सेटमध्ये छापली. दुर्बिणीचे ऑपरेशन, भूल देऊन फिरवणे, आणि इंजेक्शनसह व्यायाम, या तिन्ही गटांतले लोक वर्षभरात सुधारले, आणि कोणता एक उपाय दुसऱ्यापेक्षा फार वरचढ ठरला नाही.

व्यायामाबद्दल आमच्या लोकांत एक खोड आहे. जेवढे दुखेल तेवढा फायदा असे समजतात. हॉलंडमध्ये ७७ लोकांची एक लहान पाहणी झाली होती, २००४ साली छापलेली. एका गटाला जोराने ताण दिला, दुसऱ्याला सांगितले, दुखेल त्याच्या अलीकडे थांबा. दोन वर्षांनी हळू करणाऱ्यांत शंभरी ८९ जणांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला, जोर लावणाऱ्यांत ६३ जणांचा. कळ आली की थांबायचे, पण रोज करायचे. बंद करायचे नाही आणि हिसका द्यायचा नाही.

आम्ही काय करतो ते दाखवतो. चांगला हात टेबलावर टेकवून वाका, दुखरा हात खाली लोंबू द्या, आणि अंगाच्या झोक्याने तो घड्याळाच्या लंबकासारखा हलवा. हात हलवायचा नाही, अंग हलवायचे. हा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखतात. दुसरा, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची. आमच्या घरी भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आणि तारखा आहेत. पहिली खूण हनुवटीच्या बरोबर होती. दोन महिने ती तिथेच होती, ते आम्ही लपवत नाही. तिसरा, दुखणे ओसरल्यावर, टॉवेल पाठीमागून दोन्ही हातांत धरायचा आणि वरच्या हाताने खालचा हळूच ओढायचा. रात्री दंडाखाली उशी घ्या. आणि सदरा घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा. हे कोणी आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले असते तर किती शिव्या वाचल्या असत्या.

मेमोचे काय झाले, तेही सांगायला हवे. आम्ही आधी अर्ज लिहिला होता की बॉबिनी चढवून खांदा गेला, भरपाई द्या. मग वाचत गेलो तसे कळले, हा आजार शाळेच्या बाईंना होतो, बँकेतल्या कारकुनाला होतो, आणि पुष्कळदा त्यांच्या ज्या हाताला काम कमी त्या हाताला होतो. पुरावा नसताना गिरणीवर खापर फोडणे आम्हाला पटले नाही. युनियनमधले काही जण चिडले. तो अर्ज आम्ही फाडला आणि दुसरा लिहिला. ताईंचे पत्र जोडले, कोणत्या बाजूला हात किती अंश जातो ते आकड्यात लिहिलेले. आणि मागितले एवढेच, की वर्षभर डोक्याच्या वर हात न्यावा लागणार नाही असे काम द्या. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा वायंडिंगला टाकले, पगार थोडा कमी करून. मेमो मात्र फाइलमध्ये अजून आहे, तो काढावा म्हणून आमचा तगादा चालू आहे. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर फक्त एक्स-रे घेऊन साहेबापुढे जाऊ नका. अंशांचे आकडे लिहिलेले पत्र घेऊन जा. ते कसे मागायचे, नमुना आमच्याकडे आहे.

गेल्या महिन्यापासून आम्ही परत रिंगखात्यात आहोत. मघाशी आमचाही हात कानाला लागला नाही, पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाहिले असेल. चार बोटे अजून बाकी आहेत.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघत आहेत. ज्यांचे हात मघाशी वर गेले नाहीत त्यांनी चहा झाल्यावर मागच्या खोलीत थांबा. बायकांसाठी आमची पुतणी बसली आहे, तिला दाखवा. साखर मोजायचे यंत्र तिने आणले आहे. ज्यांना जेवून दोन तास झाले असतील त्यांनी तसे सांगा, म्हणजे आकडा वाचताना गोंधळ होणार नाही. जयभीम.